चौथा पत्ता

पोकर मला नवऱ्याने शिकवला. पण हातात काही नसताना ताठ बसून मोठं कसं बोलायचं, हे मी त्याच्या कितीतरी आधी अप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे बघून शिकले होते. त्याचा भुर्दंडही मलाच पडला होता.

अप्पांचं सीमाभागात, हळ्ळीखेडला बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. पेरण्या उरकल्या, श्रावण लागला की गिऱ्हाईक कमी होतं आणि दुपारी मागच्या गोदामात पोत्यांच्या आडोशाला सतरंजी पडते. मग तीन पत्ती. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करणारा माणूस दुपारी त्याच हाताने पत्ते पिसतो, ह्यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटत नाही. श्रावणातले पत्ते म्हणजे करमणूक, असं सगळे धरून चालतात.

अप्पा स्वतःचे पत्ते शक्यतो बघतच नाहीत. न बघता चाल देतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतात. ‘पत्ता खेळत नसतोय, तोंड खेळतंय,’ हे त्यांचं म्हणणं. एकेक जण पॅक करून मागे सरकायचा आणि अप्पा आपले तीन पत्ते कुणाला न दाखवता गड्डीत घालून टाकायचे. कुणी विचारलंच, काय होतं हो, तर म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी दारात उभी राहून हे बघायचे आणि मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. तोंड फक्त पत्त्यांपुरतं खेळतं, असा माझा समज होता.

पोकरात थोडं वेगळं असतं. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते आपले आपल्याला. ते बघून बोली लावायची. मग मध्ये तीन पत्ते उघडे टाकतात, ते सगळ्यांचे मिळून. त्याला फ्लॉप म्हणतात. पहिल्या दोन पत्त्यांवर तुम्ही मोठं बोललात आणि त्या तिनात तुमच्या कामाचं एकही निघालं नाही, की खरा पेच पडतो. आता गप्प बसावं, की तीनही पत्ते आपल्यासाठीच पडल्यासारखं आणखी मोठं बोलावं? लोकांना वाटतं हा धाडसाचा प्रश्न आहे. मला विचाराल तर हा समोर कोण बसलाय हे ओळखण्याचा प्रश्न आहे. आणि आणखी एक. फ्लॉपनंतर खेळ संपत नाही. चौथा पत्ता यायचा असतो, त्यानंतर पाचवाही. थाप मारायची ती पुढच्या पत्त्यात आपलं काही निघण्याची आशा असेल तेव्हा, आणि तो पत्ता पडेपर्यंत तग धरण्यासाठी. ज्याला चौथा पत्ता बघायचाच नाही, त्याची थाप म्हणजे नुसता आडमुठेपणा.

माझं बी.एड. झालं आणि शिक्षक भरतीची परीक्षा मी दिली. पेपर चांगला गेला होता. अप्पांनी निकालाची वाट बघितली नाही. ‘पोरगी लागल्यात जमा हाय,’ असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले. खताचं पोतं उचलायला आलेला माणूससुद्धा ही बातमी घेऊन जायचा. निकाल लागला आणि मी राहिले. फार नाही, थोडक्यात राहिले. भरती काही दरवर्षी निघत नाही, पण पुढची निघणार असं सगळे म्हणत होते. मला फक्त एक वर्ष हवं होतं. कलबुर्गीला मैत्रिणीच्या खोलीवर राहायचं, क्लास लावायचा, पुन्हा बसायचं. अप्पा ‘बघू’ म्हणाले. अव्वाने, म्हणजे आईने, मला बरोबर न्यायला चटणीचा डबाही भरून ठेवला होता.

त्याच आठवड्यात औरादजवळच्या चिंताकीकडून स्थळ आलं. मुलगा हैदराबादला कंपनीत, घरची शेती, मागणी एवढीच की सून नोकरीवाली हवी. अप्पांनी निरोप धाडला, या.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि बोलणी करायला मुलाचे मामा. मामा जाडजूड, पान खाणारे, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणारे. चहा व्हायच्या आतच त्यांनी विचारलं, ‘पोरीची ऑर्डर निघाली का?’

मला वाटलं, आता अप्पा खरं सांगतील. अप्पांनी मांडी बदलली. ‘निवड झालीय. कुनीतरी कोर्टात गेलंय, म्हनून ऑर्डर अडकलीय. निघंल की.’

आवाजात जराही कंप नाही. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. थाप चांगली होती, हे मला आज कळतं. भरती कोर्टात अडकणं ही आमच्याकडे नेहमीची गोष्ट, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. मामांनी मान डोलावली आणि मुलाचे वडील फोन घ्यायला जरा बाहेर जाताच मुलाकडे वळून हळूच तेलुगूत म्हणाले, ‘नौकरी पोयिनट्टु चेप्पकु.’

आमच्या भागात चारचौघांत गुपित बोलणं अवघड. घरात मराठी, बाजारात कन्नड, बसस्टँडवर उर्दू, आणि सगळ्यांना सगळं येतं. म्हणून औरादकडची माणसं गुपितापुरती तेलुगूत शिरतात. हळ्ळीखेडच्या दुकानदाराच्या घरात तेलुगू कुणाला कळणार, असा मामांचा हिशेब होता. तो चुकला, कारण माझी अव्वा जहीराबादकडची. लग्न होऊन आल्यावर अप्पांनी तिच्या बोलण्याची इतकी चेष्टा केली, डब्यात खडे वाजवल्यासारखं काय बोलायलीस म्हणून, की तिने चारचौघांत तेलुगू बोलणंच सोडलं. फक्त आमच्या वेण्या घालताना ती तेलुगूत बोलायची. मला आणि माझ्याहून बऱ्याच लहान असलेल्या बहिणीला ती भाषा अशी तेल-फणीबरोबर आली.

मामा म्हणाले होते, नोकरी गेल्याचं सांगू नकोस.

मी ट्रे ठेवला आणि आत आले. मला राग आला नव्हता, उलट आनंद झाला होता. सुटले, असं वाटलं. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात, पदर डोक्यावर घेऊन उभी होती. तिला ओलांडून मी मागच्या अंगणात गेले आणि अप्पांना खुणेने बोलावलं.

‘अप्पा, त्याची नौकरी गेलीय. मामा आत्ता तेलुगूत म्हनले.’

अप्पा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर गोदामातलं ते हसू आलं. समोरच्याच्या हातात काही नाही हे कळल्यावर यायचं, तेच.

‘मग तर लईच बरं झालं,’ ते म्हणाले. ‘आता ते आपलं उघडून बघनार न्हाईत. आपलं बघायला गेले तर त्यांचंबी दाखवावं लागंल.’

‘अन् माझं वर्ष?’

‘वर्षाचं काय घेऊन बसलीस. तिथं जाऊनबी अभ्यास व्हतोय.’

ते आत गेले आणि मी बाहेरून ऐकत राहिले. हुंडा-बिंडा काही नको, दोन्हीकडचा खर्च निम्मा निम्मा, असं झटपट ठरलं. दोघांनाही घाई होती. दोघांच्याही हातात काही नव्हतं आणि दोघंही मागे हटायला तयार नव्हते. गोदामात असं झालं की डाव वाढत जातो. इथे डाव म्हणून मध्ये मी होते.

लग्न झालं. सासरी पोचल्यावर लगेच सासूबाईंनी विचारलं, ‘ऑर्डर कधी यायलीय?’ मी म्हटलं, ‘येईल.’ त्यानंतर हे उत्तर मी इतक्या वेळा दिलं की त्या प्रश्न पूर्ण करायच्या आतच माझ्या तोंडून निघायचं. शेजारणी विचारायच्या, पीठ गिरणीवाला विचारायचा. अप्पांची थाप अप्पांनी एकदाच मारली. ती रोज मारायचं काम माझ्याकडे आलं.

आणि अभ्यास? तिथं जाऊनही होतो म्हणाले होते ना! ज्या मुलीची निवड झाली आहे ती त्याच परीक्षेचं पुस्तक कशाला वाचेल? मी एकदा पुस्तक काढलं, तर सासूबाई म्हणाल्या, ‘आता कामून वाचायलीस गं? झालीस की पास.’ मी पुस्तक मिटलं आणि ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या साड्यांच्या खाली घातलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. हे अप्पांच्या लक्षात आलं नव्हतं, असं मला कुणी सांगू नये. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत खेळणारा माणूस, त्याला पुढची एक चाल दिसली नसेल? दिसली असेल. फक्त ती माझी होती.

नवऱ्याची गत वेगळी नव्हती. ‘नवीन प्रोजेक्ट सुरू व्हायचंय, तोवर घरून काम,’ असं तो सांगायचा आणि माडीवर लॅपटॉप उघडून बसायचा. लॅपटॉपवर काही नसायचं. फोनवर पोकर असायचा, खोट्या चिप्सचा. हैदराबादला खोलीवरच्या पोरांबरोबर शिकला होता. एका दुपारी कंटाळून त्याने मला विचारलं, शिकतीस का? मी चिंचोके घेऊन आले.

माणूस वाईट नाही. हे वाक्य मी माझ्या मनाशी इतक्या वेळा म्हटलं आहे की आता ते खरं की सवयीचं, मला सांगता येत नाही. तो शांतपणे शिकवायचा. म्हणायचा, ‘फ्लॉपच्या आधी मोठं बोललीस की फ्लॉपनंतरबी मोठंच बोलायचं. गप बसलीस की समोरच्याला कळतंय, हिच्याजवळ काय न्हाई.’ आणि तो तसंच खेळायचा. दर वेळी. पत्ते जुळोत न जुळोत, मूठभर चिंचोके पुढे. मला थोड्याच दिवसांत कळलं की ह्याची थाप आणि ह्याचं खरं ओळखायची गरजच नाही. हा मागे हटत नाही, म्हणून ह्याच्याविरुद्ध थाप मारायची नाही आणि ह्याने थाप मारली तर घाबरायचं नाही. मी निवांत जिंकायला लागले.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात नवी भरती निघाली. मी मोबाइलवर जाहिरात दोनदा वाचली. पुढची कधी निघेल आणि तोवर वयाच्या अटीत मी बसेन की नाही, ह्याचा भरवसा नव्हता. त्या दुपारी आम्ही माडीवर खेळत होतो. नवऱ्याने सुरुवातीलाच मोठी बोली लावली. फ्लॉप पडला, नव्वा, छक्की, दुर्री, तिन्ही पत्ते वेगवेगळ्या रंगांचे. मोठे पत्ते धरून बसलेल्याला त्यात काही मिळणार नव्हतं. माझ्या हातात एक छक्की होती. त्याने नेहमीसारखे मूठभर चिंचोके पुढे सरकवले.

मी म्हटलं, ‘नौकरी पोयिनट्टु चेप्पकु.’

त्याचा हात चिंचोक्यांवर तसाच राहिला. ‘तुला तेलुगू येतंय?’

‘व्हय.’

‘म्हंजे तुला तवापासून...’

‘तवापासून.’

‘मग लग्नाला हो कामून म्हनलीस?’

‘मला इचारलं कुनी?’

मग मी त्याला माझंही सांगितलं. निवड झालीच नव्हती, कोर्ट नाही, ऑर्डर नाही. आता भरती निघाली आहे, मला बसायचंय. घरात खरं सांगून टाकू या, तुमचंही, माझंही. मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला.

‘येड लागलंय का तुला? तुझं उघडं पडलं की माझंबी इचारतील. बापाला काय सांगू मी?’ मग हसायचा प्रयत्न करत म्हणाला, ‘तेरी भी चुप, मेरी भी चुप. चाललंय की चांगलं.’

आणि त्याने पत्ते टाकले. त्या एका डावात तो पहिल्यांदा मागे हटला. सगळे चिंचोके माझ्याकडे आले. मी ते ओंजळीत भरून खाली नेले आणि डब्यात ओतले.

भरतीची मुदत संपली. पुढे वय संपलं. चौथा पत्ता गड्डीतच राहिला. त्यात माझं काही निघालं असतं की नाही, कुणास ठाऊक. निघालं नसतं तरी मी ते मान्य केलं असतं. न बघताच हरायचं, हे मात्र मला अजून पचत नाही. हळूहळू सासूबाईंनी विचारायचं सोडलं. त्यांनाही कळलंच असणार, दोघांचंही. पण आमच्याकडे हरलेला डाव कुणी हरला म्हणून सांगत नाही, सतरंजी गुंडाळतात. नवऱ्याने औरादला झेरॉक्स आणि ऑनलाइन कामाचं दुकान टाकलं. मी गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेते. भरतीला बसणाऱ्या मुलीही येतात माझ्याकडे. त्यांच्यातल्या काही लागल्या, पेढे घेऊन येतात. मी पेढा खाते.

गेल्या श्रावणात अप्पांचा फोन आला. ‘ये दोन दिस. धाकटीला बघायला यायलेत.’

धाकटीला बेंगळूरच्या कंपनीने निवडलं होतं आणि मग रुजू करून घ्यायच्या आधीच कळवलं की आता जागा नाही. ती खचली नव्हती. मैत्रिणीकडे राहून दुसरीकडे प्रयत्न करते, थोडे महिने द्या, असं तिचं म्हणणं. ते ऐकताना मला माझा चटणीचा डबा आठवला. अप्पा लोकांना काय सांगत असतील हे मला विचारावं लागलं नाही. पुढच्या महिन्यात रुजू होणार आहे, हेच.

‘मी येऊन काय करू?’ मी विचारलं.

‘पाव्हणे तेलुगू बोलनारे हायत,’ अप्पा म्हणाले. ‘तू फकस्त बस. आपसात काय बोलायलेत ते ऐक आन् मला आत येऊन सांग. मागच्या टायमाला कसं सांगितलीस, तसं.’

मागच्या वेळी सांगितलं तसं. हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. त्यांच्या हिशेबी मागच्या वेळी आमचा दोघांचा मिळून एक डाव जमला होता.

मी गेले. पाहुणे बसले. मुलगा, त्याची आई, वडील. चुरमुऱ्यांच्या सुसल्याच्या बशा गेल्या, मिरच्या-शेंगदाण्याचा वास घरभर. अप्पांनी मांडी बदलली आणि पुढच्या महिन्याचं सांगितलं. मुलाच्या वडिलांनी बायकोकडे बघितलं. ‘खोटं वाटतंय,’ असं ते तेलुगूत पुटपुटले. असू दे, असं म्हणून बायकोही तेलुगूतच म्हणाली, ‘पेंड्लि अयिनंक इंट्ल उंटदि.’

लग्न झाल्यावर घरातच राहील.

म्हणजे त्यांनी अप्पांची थाप ओळखली होती आणि तरीही ते उठणार नव्हते. त्यांना तिची नोकरी नकोच होती. अशा माणसासमोर थाप मारून उपयोग नसतो, तुम्ही काहीही दाखवा, तो बसूनच राहणार. अप्पा माझ्याकडे बघत होते. भुवई जराशी वर, आत येऊन सांग, अशी खूण. दारात धाकटी उभी होती, ट्रे घेऊन.

मी उठले नाही. मुलाच्या आईकडे वळून सरळ म्हणाले, ‘मा चेल्लेकु नौकरी लेदु. आमे बेंगळूरु पोतदि.’

आमच्या धाकटीला नोकरी नाही. ती बेंगळूरला जाणार आहे.

मुलाची आई आधी लाजली, मग तिच्या कपाळावर आठ्या आल्या. आपण काय काय बोललो ते तिला आठवत असावं. पाहुणे चहा अर्धा टाकून, नमस्कार करून गेले. अप्पांचं तोंड मी पहिल्यांदा असं बघितलं. ते खेळत नव्हतं, नुसतं पडलेलं होतं.

‘उघडी केलीस मूठ,’ ते म्हणाले. ‘घरच्याच पोरीनं.’

‘मुठीत धाकटी व्हती, अप्पा.’

ते दुकानात निघून गेले. संध्याकाळी आले, जेवले, माझ्याशी बोलले नाहीत. अजूनही बोलत नाहीत. धाकटीने दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरायला घेतली. मला मिठी-बिठी मारली नाही तिने. ‘अक्का, तुझी ती मोठी चादर नेऊ का?’ एवढंच विचारलं. तिचा चौथा पत्ता कसा निघेल ते मला माहीत नाही, पण निदान तो पडेल.

पाहुणे गेले त्या दुपारी, अप्पा दुकानात असताना, अव्वा स्वयंपाकघरात बसून उरलेला सुसला परातीत काढत होती. मी शेजारी बसले. तिने दाराकडे बघून घेतलं आणि वेण्या घालताना बोलायची त्या आवाजात म्हणाली, ‘आ रोजु नेनु गूड इन्न.’

त्या दिवशी मीही ऐकलं होतं.

मला कळायला वेळ लागला. मग तो दरवाजा आठवला, डोक्यावरचा पदर आठवला. मामा बोलले तेव्हा ती माझ्याइतक्याच अंतरावर उभी होती. मला तेलुगू तिनेच दिली, आणि इतक्या वर्षांत तिने ते वाक्य ऐकलं असेल हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

‘मग बोलली कामून न्हाईस?’ मी मराठीत विचारलं. ‘एक वाक्य बोलायचं व्हतं, अव्वा. पाव्हण्याम्होरं. मी आज बोलले तसं.’

ती हाताला चिकटलेले चुरमुरे काढत राहिली. ‘मला वाटलं, तू बोलशील.’

इतकी वर्षं मी माझा सगळा राग अप्पांच्या नावावर ठेवला होता आणि तो तिथे नीट बसला होता. आता त्याची वाटणी करायची वेळ आली, आणि वाटणीत माझाही हिस्सा निघतो की काय, ह्या भीतीने मी तिच्या पुढ्यातली परात घेतली आणि उठले.